फिगेरसचं दाली संग्रहालय: जाण्याआधी पडणारे प्रश्न, आणि जाऊन आल्यावर पडणारेही

कुणाची बार्सिलोनाची सहल ठरली की मला हमखास फोन येतो, "ते मिशीवाल्या चित्रकाराचं म्युझियम तिथे जवळच आहे ना? एका दिवसात होईल का?" तो मिशीवाला म्हणजे स्पॅनिश अतिवास्तववादी (स्वप्नासारखी, तर्काला सोडून चित्रं काढणारा) चित्रकार साल्वादोर दाली. त्याच्या या थिएटर-म्युझियममध्ये मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा घड्याळाकडे बघत, दुसऱ्यांदा निवांत. पहिल्या खेपेला जवळपास सगळं चुकलं होतं, त्यामुळे खालच्या उत्तरांतली निम्मी तरी हात पोळून शिकलेली आहेत.

हे नक्की आहे कुठे? बार्सिलोनात नाही का?

नाही. फिगेरस नावाच्या गावात आहे. बार्सिलोनापासून साधारण १४० किलोमीटर उत्तरेला, जवळजवळ फ्रान्सच्या वेशीवर. गाव तसं छोटंच, तालुक्याच्या गावाएवढं. मधोमध झाडांची सावली असलेला रुंद रस्ता, बाजूला कॅफे, आठवड्याचा बाजार. आणि मग अचानक एका कोपऱ्यावर भडक लाल रंगाची इमारत. तिच्या भिंतीवर शेकडो पाव चिकटवल्यासारखे दिसतात आणि माथ्यावर माणसाच्या उंचीहून मोठी पांढरी अंडी ओळीने मांडलेली आहेत. पत्ता विचारायची गरज पडत नाही.

दालीचा जन्म याच गावातला, ११ मे १९०४ चा. वडील नोटरी, म्हणजे गावातलं प्रतिष्ठित प्रस्थ. त्याच्या आधी जन्मलेला भाऊ लहानपणीच गेला होता, त्याचंही नाव साल्वादोरच होतं. तेच नाव याला ठेवलं. मेलेल्या भावाचं नाव घेऊन वाढलेल्या मुलाने पुढे आयुष्यभर 'मी, मी आणि मीच' केलं यात मला तरी नवल वाटत नाही.

पण 'थिएटर-म्युझियम' हे काय प्रकरण आहे?

हे म्युझियम खरोखरच एका नाट्यगृहात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेलं फिगेरसचं नगरपालिकेचं नाट्यगृह १९३९ साली, स्पॅनिश यादवी युद्धाच्या अखेरीस जळालं. छप्पर गेलं, भिंती उभ्या राहिल्या. पुढे वीसेक वर्षं ते तसंच पडून होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गावचे महापौर रामोन ग्वार्दिओला यांनी दालीला विचारलं, गावासाठी एखादं चित्र द्याल का? दाली म्हणाला, एक कशाला, अख्खं म्युझियमच देतो. आणि जागा म्हणून त्याने हा भग्न सांगाडा मागितला.

त्याची कारणं त्यानेच सांगून ठेवली आहेत. एक, मी मुळात नाटकी चित्रकार आहे. दोन, समोरच्या सान्त पेरे चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला. आणि तीन, याच नाट्यगृहाच्या दालनात माझी चित्रं पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. कागदपत्रं, सरकारी मंजुऱ्या, पैसे यांत दशकभर गेलं आणि २८ सप्टेंबर १९७४ ला दारं उघडली. रंगमंचावरचा काचेचा घुमट एमिलियो पेरेस पिन्येरो या वास्तुविशारदाचा. उद्घाटन पाहायला तो नव्हता, १९७२ मध्ये अपघातात गेला.

हे सगळं आधी माहीत असलं की आत गेल्यावर पायाखालची जमीन कळते. तुम्ही ज्या उघड्या चौकात पहिलं पाऊल टाकता तिथे एकेकाळी प्रेक्षकांच्या खुर्च्या होत्या. छप्पर जळालं म्हणून तो उघडा आहे, आणि दालीने मुद्दाम तो उघडाच ठेवला.

बार्सिलोनाहून कसं जायचं?

रेल्वेने. पण फिगेरसला दोन स्टेशनं आहेत आणि घोळ तिथेच होतो. बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून सुटणारी हाय-स्पीड गाडी तासाभराच्या आत 'फिगेरस विलाफान्त'ला पोचते. हे स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून म्युझियम पायी वीस-पंचवीस मिनिटं. साधी प्रादेशिक गाडी दोनेक तास घेते, पण ती गावातल्या जुन्या 'फिगेरस' स्टेशनवर उतरवते आणि तिथून पंधरा मिनिटांत तुम्ही पोचता. वेगवान गाडीचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, ऐनवेळी महाग. साध्या गाडीचं भाडं बदलत नाही.

मी पहिल्यांदा जाताना एका स्टेशनवर उतरले आणि परतीची गाडी दुसऱ्या स्टेशनवरून होती. शेवटचा एक किलोमीटर मी साडी नेसले नव्हते याबद्दल देवाचे आभार मानत धावले. तिकिटावर स्टेशनचं पूर्ण नाव वाचा.

तिकीट आधी काढावंच लागतं का?

हो. ऑनलाइन, वेळेच्या खिडकीसह. प्रौढांचं तिकीट साधारण २० युरोच्या आसपास असतं, हंगामानुसार थोडं वर-खाली होतं. उन्हाळ्याचे महिने सोडले तर बहुतेक सोमवारी बंद. तेव्हा तारीख ठरवण्याआधी अधिकृत संकेतस्थळावरचं कॅलेंडर बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. उलटं केलंत तर पस्तावाल.

मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. बार्सिलोनाहून फ्रान्सकडे जाताना 'वाटेत पाहून घेऊ' असा बेत असेल तर सूटकेसची सोय आधी लावा.

किती वेळ लागतो? टूरवाल्यांनी दीड तास दिलाय.

दीड तासात फोटो होतात. बघायला तीन तास तरी हवेत. सकाळची पहिली वेळ मिळाली तर सोनं, कारण अकराच्या सुमाराला बसच्या बस रिकाम्या होतात आणि मग गणपतीच्या पाचव्या दिवशीच्या गर्दीसारखं सरकत राहावं लागतं. पहिली वेळ नसेल तर दुपारी उशिराची घ्या.

ती वितळलेली घड्याळं इथेच आहेत ना?

नाहीत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे आणि उत्तर ऐकल्यावर सगळ्यात जास्त चेहरे पडलेले मी याच प्रश्नावर पाहिले आहेत. १९३१ चं ते मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. इथे त्या चित्रावरून विणलेला एक मोठा गालिचा भिंतीवर टांगलेला आहे, तेवढ्यावर समाधान मानायचं. गंमत अशी की मूळ चित्र एवढंसं आहे, शाळेतल्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढं. गालिचा पाहून आलेल्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये मूळ चित्र शोधावं लागतं.

तसंच 'ग्रेट मास्टर्बेटर' आणि खिडकीपाशी पाठमोरी उभी असलेली मुलगी माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहेत. वधस्तंभावरचा ख्रिस्त वरून दिसतो ते चित्र ग्लासगोला. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये त्याचं आणखी एक मोठं संग्रहालय आहे. प्रसिद्ध चित्रांची यादी करून ती टिकमार्क करत फिरायचं असेल, तर फिगेरस तुमच्यासाठी नाही.

मग तिथे आहे तरी काय?

सुमारे दीड हजार वस्तू. पण ही बेरीज निरर्थक आहे, कारण दालीच्या मते ही इमारत हीच एक कलाकृती. कशाने सुरुवात करावी?

चौकातल्या गाडीने करू. काळी लांबलचक कॅडिलॅक, तिच्या नाकावर एक दणकट बाई, म्हणजे ऑस्ट्रियन शिल्पकार एर्न्स्ट फुक्सने घडवलेली राणी एस्थर. गाडीमागे टायरांचा खांब आणि खांबाच्या टोकावर, थेट आकाशात, एक होडी. होडी गालाची, म्हणजे दालीच्या बायकोची. नाणं टाकलं की पाऊस गाडीच्या आत पडतो आणि बाहेर उभे असलेले आपण कोरडे राहतो. ही कल्पना त्याने १९३८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्यांदा केली होती, तेव्हा आत जिवंत गोगलगाईही सोडल्या होत्या. आता गोगलगाई नाहीत. मुंबईच्या टॅक्सीत जुलैमध्ये बसलेल्या माणसाला यात अतिवास्तव असं काही वाटणार नाही, पण असो.

चौकातून पुढे गेलं की घुमटाखाली रंगमंच. मागे भिंतभर उंच पडदा आहे, तो त्याने १९४१ मध्ये 'लॅबिरिंथ' या नृत्यनाट्यासाठी केलेला. आणि बाजूला ते प्रसिद्ध चित्र, ज्यात जवळून खिडकीशी उभी विवस्त्र गाला दिसते आणि लांबून अब्राहम लिंकनचा चेहरा. नावातच लिहिलंय, अठरा मीटरवरून पाहा. अठरा मीटर मागे जायला गर्दीत जागा मिळत नाही, म्हणून सोपी युक्ती: डोळे किलकिले करा. चष्मा असेल तर काढा. लिंकन लगेच हजर होतो. माझ्या माहितीत हे एकच चित्र आहे जे चष्मा न लावणाऱ्याला जास्त चांगलं दिसतं.

मे वेस्टची खोली म्हणजे या म्युझियमची सेल्फी-पॉइंट. मे वेस्ट ही हॉलिवूडची नटी. ओठांचा लाल सोफा, नाकाची शेकोटी, डोळ्यांच्या जागी पॅरिसची दोन चित्रं. शिडी चढून वरच्या भिंगातून पाहिलं की सगळं जुळून चेहरा होतो. रांग लांब असते आणि वर पोचल्यावर मागचा माणूस खाकरायला लागतो. रांग वीस मिनिटांची असेल तर मी म्हणेन सोडून द्या. खाली उभं राहून वर छताकडे बघा, तिथे उलटी न्हाणी आहे. ती कुणी बघत नाही.

वरच्या मजल्यावर 'वाऱ्याचा महाल' नावाचं दालन आहे. छतभर चित्र, त्यात दाली आणि गाला आकाशात वर निघालेत आणि आपल्याला खालून त्यांचे अवाढव्य तळवे दिसतात. हीच ती जागा जिथे चौदा वर्षांच्या मुलाने आपली चित्रं टांगली होती. मला या दालनात पहिल्यांदा काहीच वाटलं नव्हतं. हा तपशील कळल्यावर दुसऱ्या खेपेला बराच वेळ मान वर करून उभी राहिले.

छोटी चित्रं कुणी बघत नाही म्हणतात, ती कोणती?

हा प्रश्न मला फक्त एकाच व्यक्तीने विचारला, माझ्या चित्रकलेच्या शिक्षिका असलेल्या मावशीने. पण माझ्या मते सगळ्यांनी विचारायला हवा.

'पावाची टोपली', १९४५. काळोख्या पार्श्वभूमीवर, टेबलाच्या अगदी कडेवर ठेवलेली वेताची टोपली आणि तिच्यात पावाचा उरलेला तुकडा. बास. ना घड्याळं, ना मुंग्या, ना हत्ती. पण पावाच्या कापलेल्या कडेचा खरखरीतपणा असा आहे की बोट लावावंसं वाटतं. टोपली आत्ता पडेल अशी भीती वाटते आणि ती पडत नाही. ज्यांना वाटतं की या माणसाने चित्र काढता येत नव्हतं म्हणून चाळे केले, त्यांना या चित्रासमोर उभं करा.

'लैंगिक आकर्षणाचं भूत', १९३४. जेमतेम १८ बाय १४ सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठं. एका टोकाला खलाशाच्या पोशाखातला एवढासा मुलगा उभा राहून समोरच्या अजस्र, कुबड्यांवर तोललेल्या, गोणपाटं बांधलेल्या शरीराकडे बघतोय. मागचे खडक खरे आहेत, समुद्रकाठच्या कादाकेस गावाजवळच्या केप दे क्रेउसचे. लोक याच्यावरून पुढे निघून जातात, कारण ते पटकन दिसतच नाही.

शिवाय 'गालारिना', 'अणुमय लीडा', गोलकांतून बनलेली गाला, आणि स्वतःचा लोंबता चेहरा कुबड्यांवर टेकवून त्यासमोर खरपूस बेकनची पट्टी ठेवलेलं आत्मचित्र. गालाच्या खांद्यावर मटणाच्या दोन चापा ठेवलेलं चित्रही पाहा. का ठेवल्या म्हणून त्याला विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं असं की मला बायको आवडते आणि चापाही आवडतात, मग दोन्ही एकत्र का नकोत?

मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. जाऊ का?

तुम्ही तर जाच. इथे क्रम नाही, 'इकडून सुरू करा' अशी पाटीही मनावर घ्यायची नाही. कुठल्याही दारातून कुठेही शिरा. जत्रेत आपण पाळण्यापासून सुरुवात करावी की मौत का कुआँपासून याचा विचार करतो का? दालीला हेच हवं होतं. अर्थ लावत बसणाऱ्यांचा इथे लवकर दम जातो. ज्यांना हसू येतं ते शेवटपर्यंत टिकतात.

दालीला तिथेच पुरलंय हे खरं का?

खरं आहे. रंगमंचाच्या जमिनीत, घुमटाच्या बरोबर खाली एक साधी दगडी लादी आहे. लोक तिच्यावरून ये-जा करत, मान वर करून घुमटाचे फोटो काढत असतात. पायाखाली कोण आहे याचा बहुतेकांना पत्ता नसतो. तळघरात गेलं की दफनाची जागा दिसते.

ही जागा ठरली कशी, त्यावर वाद झाला. गाला १९८२ मध्ये गेली आणि पूबोलच्या किल्ल्यात तिला पुरलं. तिथे शेजारी शेजारी दोन थडगी तयार होती आणि दुसरं त्याच्यासाठी होतं. पण जानेवारी १९८९ मध्ये त्याच्या शेवटच्या दिवसांत फिगेरसच्या महापौरांनी जाहीर केलं की दालीने मला सांगितलं, मला फिगेरसलाच ठेवा. एकट्या महापौरांच्या शब्दावर गावाला आपला माणूस मिळाला आणि पूबोलचं दुसरं थडगं रिकामं राहिलं. मरणाआधीची काही वर्षं तो याच इमारतीला लागून असलेल्या बुरुजात राहत होता. बायकोच्या आठवणीत त्याला 'तोरे गालातेया' असं नाव दिलेलं.

पुढे २०१७ च्या जुलैमध्ये आणखी एक नाटक झालं. एका महिलेने आपण दालीची मुलगी असल्याचा दावा केला आणि न्यायालयाच्या आदेशाने ती लादी उचलून नमुने घेतले. चाचणीत दावा टिकला नाही. पण पेटी उघडणाऱ्यांनी एक गोष्ट जगाला सांगितली: अठ्ठावीस वर्षांनंतरही मिशी जागच्या जागी होती, दहा वाजून दहा मिनिटांवर.

एअर इंडियाने दालीला हत्ती दिला होता म्हणतात. थाप आहे ना?

थाप नाही. १९६७ ची गोष्ट. एअर इंडियाला खास प्रवाशांना भेट द्यायला काहीतरी देखणं हवं होतं. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीची हौस मोठी होती. दालीने त्यांना अ‍ॅश-ट्रे करून दिला. शिंपल्यासारखी वाटी, कडेने साप, आणि आधाराला हंस आणि हत्तीची डोकी. उलटं धरलं की हंसाचा हत्ती होतो आणि हत्तीचा हंस. त्याने १९३७ मध्ये तळ्यातल्या हंसांची प्रतिबिंबं हत्ती झालेली रंगवली होती, तीच युक्ती. पोर्सिलेनच्या मोजक्याच प्रती निघाल्या.

मोबदला म्हणून पैसे नकोत, हत्ती द्या, असं दाली म्हणाला. आणि कंपनीने खरोखरच भारतातून हत्तीचं पिल्लू विमानाने युरोपात पाठवलं. दालीच्या मनात म्हणे प्राचीन सेनापती हॅनिबलसारखं हत्तीवर बसून आल्प्स ओलांडायचं होतं. ते काही झालं नाही.

फिगेरसच्या म्युझियममध्ये लांब पायांचे हत्ती पाहताना मला नेहमी ही गोष्ट आठवते, आणि सोबत एअर इंडियाचा लाल पगडीतला महाराजाही. बॉबी कूका आणि उमेश राव यांनी घडवलेल्या त्या महाराजाची मिशी आणि दालीची मिशी शेजारी ठेवा. व्यवहार जमायलाच हवा होता.

लहान मुलांना नेलं तर चालेल? विवस्त्र चित्रं असतील ना?

आहेत, भरपूर. छतावर, भिंतीवर, चौकातही. तुमच्या घरात त्याने अवघडलेपण येणार असेल तर आधीच ठरवा. माझ्या अनुभवात सहा-सात वर्षांची मुलं नागडेपणाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना पाऊस पडणारी गाडी आणि ओठांचा सोफा पुरतो. अडचण चौदा-पंधरा वर्षांच्यांची होते, आणि तीही आई-बाबा सोबत असले तरच.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जुनी इमारत आहे, जिने अरुंद आणि बरेच. सगळीकडे चाकाची खुर्ची जात नाही. चौक आणि रंगमंच यांतच बरंच पाहून होतं, त्यामुळे वरचे मजले सोडले तरी तिकीट वाया जात नाही. आत बसायला जागा कमी. थकायला होणार असेल तर आधी समोरच्या चौकात कॉफी घेऊन मगच शिरा. हिवाळ्यात जात असाल तर त्यांना कानटोपी द्या. या भागात त्रामुन्ताना नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो थट्टा करत नाही.

शाकाहारी काय मिळेल?

मिळतं, पण विचारून घ्या. पावाच्या भाजलेल्या कापावर टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ, याला तिथे 'पा अंब तोमाकेत' म्हणतात. साधंच, पण भुकेला धावून येतं. 'एस्कालिवादा' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. आपल्या भरताचा दूरचा भाऊ, फक्त फोडणीविना. त्यावर कधीकधी खारवलेले मासे पसरलेले असतात. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट कुठेही मिळतं. 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, हॅमचे तुकडे तिथे मसाल्यात मोजतात. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो', मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगा.

जेवणाची वेळ दीड ते चार. साडेअकराला जेवायला मागितलंत तर वेटर तुमच्याकडे दालीच्या चित्राकडे बघावं तसा बघेल.

दागिन्यांचं दालन वेगळं आहे का?

बाजूच्या दारातून जायचं, बहुधा त्याच तिकिटात. दालीने चितारलेले आणि सोनारांकडून करून घेतलेले ३७ दागिने इथे २००१ पासून मांडलेले आहेत. सोन्याचं, माणकांनी भरलेलं एक हृदय आहे, ते धडधडतं. अंधारात दिवा फक्त दागिन्यांवर असतो, गर्दी नसते. म्युझियममधून बाहेर आल्यावर दमून हे दालन सोडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही सोडू नका, वीस मिनिटं लागतात.

त्याच दिवशी कादाकेस आणि त्याचं घरही होईल का?

होऊ शकतं, पण मग जेवण विसरा. कादाकेसला लागून असलेल्या पोर्टलिगातचं त्याचं घर म्हणजे कोळ्यांच्या झोपड्या एकेक करून विकत घेत, त्या जोडत बनवलेला भुलभुलैया. आत गेल्या गेल्या दागिने घातलेलं पेंढा भरलेलं अस्वल स्वागताला उभं असतं. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, आरक्षण नसेल तर दारातूनच परत यावं लागतं. फिगेरसहून कादाकेसला बसने तासभर, वळणावळणांचा घाट; ज्यांना महाबळेश्वर चढताना मळमळतं त्यांनी लिंबू ठेवावं.

पूबोलचा किल्ला तिसरीकडे. तो त्याने गालाला दिला होता आणि तिथे जायला त्याला तिचं लेखी निमंत्रण लागायचं. तिन्ही ठिकाणं एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. एकच निवडायचं असेल तर फिगेरस, दोन दिवस असतील तर फिगेरस आणि पोर्टलिगात.

पिकासोचं म्युझियम बार्सिलोनातच आहे. तेवढंच पाहिलं तर?

पाहा, उत्तमच आहे. पण ते वेगळं जेवण आहे. मोन्तकादा गल्लीतल्या जुन्या वाड्यांमध्ये पिकासोची पोरवयातली चित्रं क्रमाने लावली आहेत, एक चित्रकार कसा घडला ते पायरी पायरीने दिसतं. ते १९६३ मध्ये उघडलं तेव्हा पिकासोचं नाव दारावर लावता आलं नव्हतं. स्पेनचा तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याच्याशी त्याचं उघड वैर, म्हणून त्याचा मित्र साबार्तेस याच्या नावाने 'साबार्तेस संग्रह' असं म्हणावं लागलं.

दाली मात्र फ्रँकोची स्तुती करत राहिला. १९७५ मध्ये मृत्युदंडाच्या शिक्षा देऊन माणसं मारली गेली तेव्हाही त्याने हुकूमशहाचं अभिनंदन केलं. अतिवास्तववादी चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों याने त्याच्या नावातल्या अक्षरांची उलटापालट करून 'अविदा डॉलर्स', म्हणजे डॉलरांची हाव, असं नाव पाडलं होतं. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्ये लिहिलं की हा माणूस उत्तम रेखाटन करतो आणि माणूस म्हणून किळसवाणा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या पाहिजेत. मला ते जमतं का? पावाच्या टोपलीसमोर जमत नाही, बाहेर आल्यावर जमतं.

तिथून सही केलेलं प्रिंट आणावं म्हणतोय. कुठे मिळेल?

नका आणू. दालीने आयुष्याच्या उत्तरार्धात कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या करून ठेवल्या. पुढे त्या कागदांवर कुणी काय छापलं याचा हिशेब राहिला नाही. 'अस्सल सही' एवढं सांगून कुणी काही विकत असेल तर सही अस्सल असूनही चित्र नकली असू शकतं. म्युझियमच्या दुकानातलं पोस्टर घ्या, ते पोस्टर म्हणूनच विकतात.

मग मुलांसाठी काय आणू?

चुपाचुप्स, ती कांडीवरची गोळी. तिच्या वेष्टनावरची पिवळ्या फुलातली लाल अक्षरं दालीनेच १९६९ मध्ये काढली. बोधचिन्ह कांडीच्या बाजूला नको, बरोबर माथ्यावर हवं, म्हणजे ते नेहमी पूर्ण दिसेल, हा हट्टही त्याचाच. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, तेव्हा आणायला विसरलात तर विमानतळावरून उतरल्यावर घ्या आणि फिगेरसचं म्हणून द्या.